बाजूला व्हा

गेल्या हिवाळ्यात आपल्या गटाच्या रविवारच्या वंदनेनंतर भोजनाची तयारी चालू असताना पाच-सहा मुले वाहनतळावर माझ्या गाडीभोवती जमली होती. पुढच्या बंपरवरील विंच, छतावरच्या नारिंगी फळ्या, मागच्या हौद्यातील फावडे आणि जाड दोर यांविषयी त्यांचे प्रश्न संपत नव्हते. त्यांतील एकाचे वडील जवळ आले आणि हसत म्हणाले, "अहो, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाला हा ट्रॅक्टर कशाला हवा?" मीही हसलो आणि वेळ मारून नेली. त्यांचा 'ट्रॅक्टर' हा शब्द मात्र माझ्या मनात रुतून बसला. त्या शब्दाचा आमच्या घराशी जुना संबंध आहे. त्या दिवशी न दिलेले उत्तर आज येथे लिहीत आहे.

मॉरिसव्हिलमध्ये राहणाऱ्या वाचकांना येथील जीवनक्रम सांगण्याची आवश्यकता नाही. शेजारी १९५९ साली स्थापन झालेले रिसर्च ट्रँगल पार्क, डोक्यावरून विमानतळाकडे उतरणारी विमाने, सकाळ-संध्याकाळ आय-४० महामार्गावरची वाहनांची रांग आणि उन्हाळ्यात चर्च स्ट्रीटच्या मैदानावरील क्रिकेट. येथे चिखल शोधावा लागतो. तो शोधण्यासाठी सुमारे दोन तास नैर्ऋत्येकडे जावे लागते. तेथे यॅडकिन नदीवरील बेडिन तलावाच्या काठी युव्हारी राष्ट्रीय वन आहे. १९६१ साली राष्ट्रीय वनाचा दर्जा मिळालेल्या या अरण्यातील डोंगर अतिप्राचीन आणि झिजून बुटके झालेले आहेत. लाल चिकणमाती, पांढरे गारगोटीचे खडक आणि झाडांची उघडी मुळे यांतून खास वाहनांसाठी मार्ग आखलेले आहेत. डच जॉन, डिकी बेल, डॅनियल अशी त्यांची नावे आहेत. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हे मार्ग बंद असतात, कारण ओल्या मातीवर चाके फिरली की वाट आणि अरण्य दोन्हींची हानी होते.

माझी टोयोटा टॅकोमा मी जुनी विकत घेतली. जीवनात प्रथमच आवश्यकतेपलीकडची एखादी वस्तू घेतली होती आणि त्याचा एक चोरटा आनंद मला होता. आमच्या वडिलांच्या पिढीत कोणाच्या नावावर सायकलही नव्हती. तेव्हा ही गाडी उंच, भक्कम आणि दुरून ओळखू येईल अशी असावी, ही इच्छा अस्वाभाविक नव्हती. पहिल्याच वर्षी मी दोन इंचांचे लिफ्ट किट बसवले, मोठे टायर घातले, पोलादी बंपर आणि विंच जोडला. खर्चाचा आकडा पत्नीला सांगताना मी थोडा आखडता घेतला, हे येथे कबूल करतो.

या बदलांमधून मिळणारे लाभ जाहिरातीत सांगितले जातात. त्यांची किंमत मात्र गाडी चालवतानाच कळते. गाडी उंच झाली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर किंवा आडव्या उतारावर ती उलटण्याचा धोका वाढतो. टायरचा व्यास ३ टक्क्यांनी वाढला, तर वेगमापक १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०३च्या वेगाने धावते. जड चाके थांबवण्यासाठी ब्रेकला अधिक कष्ट पडतात. पुढच्या दिव्यांचा कोन पुन्हा जुळवला नाही, तर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. विंच आणि पोलादी बंपर यांचे ओझे पुढच्या स्प्रिंगांवर येते. थोडक्यात, एका जागी केलेला बदल दुसऱ्या चार जागी जाऊन बसतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पण तेथे चूक परत घेता येते.

आपल्या राज्यात तर निव्वळ दिमाखासाठी केलेल्या एका बदलावर कायदा करावा लागला. पुढचा भाग उंच आणि मागचा भाग खाली बसवलेली वाहने येथे एके काळी फार दिसत. त्या ठेवणीला 'कॅरोलिना स्क्वॉट' असे नाव पडले होते. अशा गाडीचे नाक आकाशाकडे असते. चालकाला समोरून रस्ता ओलांडणारे मूल दिसत नाही आणि त्याच्या दिव्यांचा झोत इतरांच्या डोळ्यांत जातो. नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून, पुढच्या फेंडरची उंची मागच्यापेक्षा ४ इंच किंवा अधिक होईल असा बदल बेकायदेशीर ठरवला. त्या गाड्यांना मी मनोमन हसत असे. माझ्या गाडीतला दिमाख मला दिसत नव्हता.

तो दिसला एका ऑक्टोबरमध्ये, युव्हारीत.

आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. माझ्यासोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी होती. मागे जीप रँग्लर घेऊन नागपूरचा एक तरुण मित्र होता. तो मला दादा म्हणतो आणि माझ्यावर गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. एका वळणावर पाणी साचलेल्या खळग्यात मी गाडी घातली. मित्र पाहत होता, मुलगी मागून टाळ्या वाजवत होती, म्हणून उतरून खोली पाहणे मला कमीपणाचे वाटले. गाडी पुढे सरकली, घसरली आणि चारही चाके लाल मातीत बसली. मी वेग दिला. चाकांनी स्वतःसाठी अधिक खोल खड्डे खणले आणि गाडीचे पोट चिखलाला टेकले.

विंचचा दोर पोहोचेल असे झाड पुढे नव्हते. मी मित्राला मागे जीप लावायला सांगितली. गाडीमागे ट्रेलर जोडण्यासाठी जो लोखंडी गोळा असतो, त्यात माझ्या पट्ट्याची एक कडी अडकवली आणि दुसरी त्याच्या जीपला. "दोन-तीन फूट ढील ठेव, वेग घे आणि एक झटका दे," असे मी म्हणालो. पत्नी कडेला उभी होती. मुलगी नेमकी त्या पट्ट्याच्या रेषेत, दहा-बारा पावलांवर, आईचा फोन घेऊन चित्रीकरण करीत होती. मी तिला पाहिले आणि चित्रफीत चांगली येईल, एवढाच विचार माझ्या मनात आला.

तेवढ्यात मागून एक जुनी जीप आली. तिच्यातून सत्तरीकडे झुकलेले एक गोरे गृहस्थ उतरले. त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. ते थेट मुलीकडे गेले, तिच्या पातळीला वाकले आणि तिला हळू आवाजात म्हणाले, "बाळ, त्या मोठ्या झाडामागे जा आणि मी हाक मारीपर्यंत तेथेच थांब." मग माझ्याकडे वळले. "तो गोळा काढल्याशिवाय मी येथून जाणार नाही. बाकी सगळे बाजूला व्हा."

मला राग आला, हे सांगितलेच पाहिजे. 'बाजूला हो' हे शब्द आपल्या कानांना अनोळखी नाहीत. आमच्या आजीने ते वाटेवर, विहिरीपाशी, बाजारात आयुष्यभर ऐकले होते. एक गोरा मनुष्य माझ्या गाडीपासून मलाच बाजूला व्हायला सांगतो आहे, असे त्या क्षणी वाटले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले असावे. ते शांतपणे म्हणाले, "हा गोळा ट्रेलरचे वजन ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा जाईल. तुमची मुलगी त्याच्या वाटेवर उभी होती."

मी झाडामागच्या मुलीकडे पाहिले आणि माझे हात थंड पडले.

त्यानंतरची चाळीस मिनिटे त्यांनी आम्हाला शिकवले. आधी त्यांनी माझ्या टायरांतील हवा ३५ पीएसआयवरून १८वर आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, तेच वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक खणण्याऐवजी पकड घेते. मग फावडे माझ्या हाती दिले. चाकांसमोरची माती उतार करून काढली, पोटाखालचा चिखल उपसला, साचलेल्या पाण्याला वाट करून दिली आणि छतावर वर्षभर शोभेपुरत्या बसलेल्या त्या नारिंगी फळ्या प्रथमच चाकांखाली गेल्या. गाडी पहिल्या गियरमध्ये, सावकाश, स्वतःच्या बळावर बाहेर आली. दोर ओढावाच लागला नाही. जाताना ते एवढेच म्हणाले, "आधी फावडे, मग हवा, मग फळ्या. ओढणे सर्वांत शेवटी."

त्या रात्री घरी परतल्यावर मी कागदावर एक साधे गणित केले. अडीच टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने जाऊन दोर ताणते, असे समजा. ताण न घेणारी साखळी किंवा पट्टा असेल आणि ती गाडी ५ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी ओढ सुमारे २० टनांची होते. तीच गाडी लवचिक नायलॉनच्या दोराने एक मीटर ताण घेत थांबली, तर ती ओढ सरासरी एका टनाच्या आसपास राहते. वेग दुप्पट केला, तर ऊर्जा चौपट होते. रुतलेली गाडी काढण्यासाठी जो खास दोर वापरतात, तो नायलॉनचा असतो आणि आपल्या लांबीच्या २० ते ३० टक्के ताणला जातो. साधा ओढपट्टा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, तो जेमतेम ताणतो आणि झटक्यासाठी नसतोच. माझा पट्टा या दुसऱ्या प्रकारचा होता. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेले असतात.

हे गणित मांडताना माझ्यासमोर एक पाय होता. मोठ्या बाबांचा.

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे मोठे बाबा म्हणतो, बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळीसोबत ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जात. माझे आईवडीलही जात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि गळीत हंगाम संपेपर्यंत ती फेडायची. आम्ही मुले आजीजवळ राहत असू. १९९४च्या हंगामात, मी सहा वर्षांचा असताना, मोठे बाबा कुबडीवर परत आले. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

झाले ते असे. अवकाळी पाऊस पडला होता. उसाने भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर फडातच रुतला. काळी माती ओली झाली की चाकाला धरून ठेवते, हे मराठवाड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. टोळीतील माणसांनी चाकांखाली पाचट घातले, वाढे घातले, दगड घातले. पण घाई होती. दुसरा ट्रॅक्टर आला. साखळी जोडली. तिचा हूक निसटत होता, म्हणून चालकाने मोठ्या बाबांना सांगितले, "हुकावर पाय दे, निसटू देऊ नको." चालकाने झटका दिला. हूक तुटला.

त्यांच्यावर तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झाली. भरपाई मिळाली नाही. उरलेली उचल मात्र पुढच्या दोन हंगामांत वडिलांच्या कोयत्यातून कापली गेली. घरात या घटनेला नेहमी 'साखळी तुटली' असे म्हटले जाई, जणू ती कोणाचा हात न लागता तुटली होती.

युव्हारीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. सगळे सांगितले. मुलगी कुठे उभी होती, तेही सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबू, आमच्या टोळीत धा-बारा मानसं व्हती. मुकादम व्हता, डायवर व्हता, मालक बांधावर व्हता. समदे लांब उभे व्हते. मला कुनी बाजूला हो म्हनलं न्हाई."

मी म्हणालो, "मोठे बाबा, मला ते शब्द ऐकून राग आला होता."

"येनारच की," ते म्हणाले. "आपल्याला ते येगळ्या कामाला ऐकायची सवय. पन त्या म्हाताऱ्यानं पोरीला आधी हलवलं ना? मग तो शब्द येगळा."

त्यांच्या त्या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. ज्यांची सावलीही नको म्हणून वाटेवरून बाजूला केले जाई, त्याच माणसांना धोक्याच्या जागी मात्र पुढे उभे केले जाई. साखळीजवळ कोणी उभे राहायचे, हुकावर पाय कोणी द्यायचा, विहिरीत उतरून अडकलेला पंप कोणी काढायचा, गटारात कोणी उतरायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असे. गाडी सोडवण्याच्या शास्त्रातील पहिला नियम याच प्रश्नाला हात घालतो. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंतचा परिसर मोकळा ठेवायचा. मालक असो, मजूर असो, मूल असो, हा नियम सर्वांना सारखाच. दोर माणूस पाहून तुटत नाही, आणि या नियमातही माणूस पाहून सवलत नाही.

येथे मला बाबासाहेबांच्या आत्मकथनातील एक प्रसंग आठवतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी १९२९ साली चाळीसगावला झालेल्या अपघाताची हकिकत लिहिली आहे. आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक असेल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. स्टेशनवरून महारवाड्यात जाण्यासाठी टांगा हवा होता, पण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. बाबासाहेबांना पायी नेणे महारवाड्यातील लोकांना मान्य होईना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग लोकांनी आपल्यातील एकाला लगाम दिले. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीपाशी घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासह खाली नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

बाबासाहेबांनी या हकिकतीत टांगेवाल्यांच्या वृत्तीवर बोट ठेवले आहेच, पण आपल्या माणसांविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली आहे. प्रवाशाचा जीव त्याच्या मानापेक्षा महत्त्वाचा, याचा त्यांना विसर पडला. त्यांच्या प्रेमावर त्यांनी शंका घेतली नाही, तरी चूक झाकलीही नाही. हा प्रसंग मी शाळेत असताना वाचला होता आणि तेव्हा त्यात मला केवळ टांगेवाल्यांचा अन्याय दिसला होता. युव्हारीनंतर पुन्हा वाचला, तेव्हा लगाम हाती घेतलेला तो अनामिक मनुष्य दिसला. पैसे देऊन टांगा मिळाला होता. टांगा हाकण्याचे कौशल्य मिळाले नव्हते, कारण ते काम पिढ्यान्‌पिढ्या त्याला करूच दिले नव्हते. तो अडाणी नव्हता. त्याला शिकवण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, आणि त्या दिवशी शिकायला वेळही नव्हता.

मला मात्र वेळ होता, पैसा होता, शिकण्याची साधने होती. तरीही मी वस्तू आधी घेतल्या आणि विद्या मागे ठेवली. त्याच्या आणि माझ्या चुकीत हा फरक आहे आणि तो माझ्या बाजूचा नाही.

म्हणून त्यानंतरच्या हिवाळ्यात, मार्ग बंद असताना, मी गाडीला नवीन काही जोडले नाही. शिकलो. दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. शिकलेल्यातील काही गोष्टी येथे नोंदवतो, कारण आपल्यातील अनेकांकडे आता अशा गाड्या आहेत आणि उन्हाळ्यात आपण सहकुटुंब समुद्रावर जातो.

गाडीला दोर कोठे बांधायचा, हे घरीच पाहून ठेवावे. गाडीखाली दिसणारी प्रत्येक कडी ओढण्यासाठी नसते. काही कड्या केवळ जहाजावर किंवा ट्रकवर गाडी बांधून नेण्यासाठी असतात. ओढण्याची जागा थेट चॅसीला जोडलेली आणि त्या वजनासाठी बनवलेली हवी. ट्रेलरचा गोळा कधीही वापरू नये. शॅकलवर कोरलेली भारमर्यादा वाचावी. ती कोरलेली नसेल, तर तो शॅकल वापरू नये.

विंच गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा. पण त्यावरील आकडा ड्रमवर दोराचा केवळ पहिला थर असताना खरा असतो. वरच्या प्रत्येक थरागणिक ओढ कमी होत जाते. दोर झाडापाशी कप्पीतून फिरवून परत गाडीला बांधला, तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. विहिरीवर मोट पाहिलेल्यांना कप्पी समजावून सांगावी लागणार नाही. झाडाला दोर थेट बांधू नये, रुंद पट्टा वापरावा, म्हणजे साल वाचते. पोलादी तारेपेक्षा कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो आणि तुटल्यास कमी उसळतो, पण तो दगडावर घासू द्यायचा नाही आणि उन्हात कुजू द्यायचा नाही. ताणलेल्या दोरावर जाड चादर किंवा खास वजनी पिशवी टाकावी, म्हणजे तुटलेले टोक खाली पडते. इशारे एकाच माणसाने द्यावेत. 'थांबा' मात्र कोणीही म्हणू शकतो आणि ते ऐकताच सर्वांनी थांबायचे.

गावाकडे ज्यांची शेती आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट घरी कळवावी. ट्रॅक्टरने काही ओढताना साखळी खालच्या ओढदांडीलाच बांधावी. ती मागच्या आसाच्या वर बांधली आणि मागचे ओझे हलले नाही, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाते आणि तो सेकंद-दीड सेकंदात चालकावर उलटतो. तेवढ्या वेळात उडी मारता येत नाही.

समुद्रकिनाऱ्याची वाळू मातीहून निराळी, पण न्याय तोच. कोरोलाच्या उत्तरेला बारा क्रमांकाचा राज्य रस्ता संपतो आणि कॅरोव्हाच्या घरांपर्यंत वाळूवरूनच जावे लागते. केप हॅटरसच्या राष्ट्रीय किनाऱ्यावर गाडी नेण्यासाठी परवाना लागतो, आणि फावडे, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी व कमी दाब मोजणारे मापक सोबत असणे बंधनकारक आहे. त्या यादीत विंच नाही, उंच टायर नाहीत. टायरांतील हवा २० पीएसआयच्या आसपास आणली की साधी चारचाक-चालित गाडीही तेथे चालते. परत डांबरी रस्त्यावर येताच मात्र हवा पूर्ववत भरली पाहिजे. कमी हवेवर वेगाने धावणारा टायर तापतो आणि फाटतो.

सप्टेंबर २०२४च्या अखेरीस हेलीन वादळाने आपल्या राज्याच्या पश्चिम भागाची जी दशा केली, ती आपण सर्वांनी पाहिली. पिजन नदीच्या घळीत आय-४०चा भाग वाहून गेला. ॲशव्हिलभोवतीच्या कित्येक वस्त्यांचे रस्ते तुटले. तेव्हा उंच गाड्या आणि विंच असलेल्या अनेक स्वयंसेवकांनी औषधे आणि पाणी डोंगरात पोहोचवले. मित्राने विचारले, "दादा, जायचे का?" शासन सांगत होते की, पश्चिमेकडील रस्ते सर्वसामान्यांसाठी बंद समजावेत. मी स्वतःला विचारले, मी तेथे रुतलो, तर मला काढायला कोण येईल? ज्याला दुसऱ्याकडे जायचे आहे तोच. आम्ही गेलो नाही. गोळा केलेले सामान जवळच्या संकलन केंद्रावर पोहोचवले आणि परतलो. न जाण्याचा तो निर्णय मला टॅकोमा घेतल्यानंतरचा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

या वर्षी एका परिचितांच्या शेतावर आम्ही एक दिवस सराव केला. आपल्या गटातील सात कुटुंबे आली होती. गाडी मुद्दाम रुतवली. फावडी मुलांच्या हाती दिली. हवा मोजायला मुलींना लावले. शेवटी, केवळ दाखवण्यासाठी, विंचने गाडी ओढली. दोर जोडून झाल्यावर आणि ताण देण्यापूर्वी माझ्या मुलीने दोन्ही हात वर केले. ते काम तिने स्वतः मागून घेतले होते. इंग्रजीत ओरडेल असे वाटले होते, पण तिने आजीकडून शिकलेल्या मराठीत, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "सगळे बाजूला व्हा! बाबा, तुम्ही पण!"

सगळे बाजूला झाले. मीही झालो.

त्याची चित्रफीत मी मोठ्या बाबांना पाठवली. त्यांनी ती तीन वेळा पाहिली, असे चुलत भावाने कळवले. नंतर त्यांचा फोन आला. दोराविषयी, विंचविषयी त्यांनी काही विचारले नाही. एवढेच विचारले, "त्या बारक्या पोरानं हूक लावला, तो पळत लांब गेला का न्हाई? मला फोनात नीट दिसलं न्हाई."

"गेला, मोठे बाबा," मी सांगितले. "तो लांब गेल्याशिवाय आम्ही सुरूच केले नाही."

"मग ठीक," ते म्हणाले.

वाहनतळावर मला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. ज्या मित्रांना आपल्या गाडीवर काही बसवायचे असेल, त्यांनी आधी एक शनिवार आमच्यासोबत यावे. फावडी पुरेशी आहेत.

जय भीम.